संकट, समाज आणि विद्यापीठ

नागपूर येथे २९ एप्रिल १९५७ रोजी केंद्र सरकारने मध्यवर्ती आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा तिच्यापुढे ठेवलेले काम मर्यादित पण नेमके होते: पूर, वादळ, भूकंप, अवर्षण यांपैकी काहीही कोसळले असता ज्यांच्या शिरावर मदतकार्याचा भार येऊन पडतो, त्या महसूल खात्यातील अंमलदारांना त्या कार्याचे रीतसर शिक्षण द्यावयाचे. संकटग्रस्तांना साहाय्य करणे हे केवळ भूतदयेचे किंवा प्रसंगावधानाचे काम नसून ती शिकता आणि शिकवता येणारी विद्या आहे, ही गोष्ट स्वतंत्र भारताच्या शासनाने येथे मान्य केली. पुढे १९६२ आणि १९६५ च्या युद्धांनी देशाचे लक्ष हवाई हल्ल्यांपासून नागरिकांचा बचाव करण्याकडे वळवले, १९६८ मध्ये संस्थेचे नाव राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय असे झाले, आणि मदतकार्याचा मूळ विषय त्या नव्या चौकटीचा एक भाग बनला. विद्यापीठे मात्र या सबंध काळात या विषयापासून दूरच राहिली. भूगर्भशास्त्राच्या विभागात भूकंप, कृषिविद्येत अवर्षण, स्थापत्याच्या वर्गात पूल आणि धरणे, समाजकार्याच्या पदवीत निर्वासितांचे पुनर्वसन, अशी त्याची वाटणी होऊन गेली होती. आणि ज्या माणसावर हे सर्व एकाच रात्री येऊन आदळते, त्या माणसाचा सलग विचार कोणत्याच एका विभागाच्या वाट्याला आला नव्हता.

ज्यांनी पुराच्या पाण्यात आणि घरांच्या ढिगाऱ्यांवर प्रत्यक्ष काम केले आहे, असे अनुभवी अधिकारी या विषयाच्या पदवीबद्दल आजही साशंक असतात, आणि त्यांच्या शंकेत तथ्य आहे. होडीत किती माणसे घ्यावीत आणि किती मागे ठेवावीत, छावणीत शौचकूप कोणत्या बाजूला खणावेत, धान्याच्या ट्रकपुढे लोटलेल्या समुदायाला रांगेत कसे आणावे, या गोष्टी व्याख्यानाने येत नाहीत. त्यांना सराव लागतो, आणि त्या सरावासाठी नागपूरच्या संस्था आहेत, तळेगावजवळचा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ आहे, अग्निशमन दले आहेत. परंतु पाणी ओसरल्यावर जे प्रश्न उरतात त्यांना होडीचा उपयोग नाही. तेच गाव पुन्हा पुन्हा बुडते ते का, पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी कोणत्या कागदावर आणि कोणत्या सबबीखाली मिळाली, मदतीच्या यादीतून भाडेकरू, शेतमजूर आणि एकट्या बाया यांचीच नावे का गळतात, सरकारने पुनर्वसनासाठी दाखवलेली जागा गावाने का नाकारली, या प्रश्नांची उत्तरे जलशास्त्र, महसुली कायदा, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र यांना एकत्र बसवल्याखेरीज मिळत नाहीत. आपत्ती एका क्षणी घडल्यासारखी दिसते. वस्तुतः तिचा फार मोठा भाग त्या क्षणापूर्वी घरांच्या भिंतींत, जमिनीच्या नोंदींत आणि कचेरीच्या दप्तरांत तयार होत असतो, आणि त्या क्षणानंतर कित्येक वर्षे तेथेच चालू राहतो. प्रस्तुत ग्रंथाची उभारणी या एका भूमिकेवर झालेली आहे.

या भूमिकेची सर्वांत कठोर साक्ष किल्लारीने दिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजावयास काही मिनिटे असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे कोसळली आणि सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाचे परिमाण ६.२ च्या आसपास होते, म्हणजे जपानसारख्या देशात ज्याने इतकी मनुष्यहानी क्वचितच होते असे. दख्खनचे पठार हा स्थिर भूखंडाचा भाग असल्याने येथे मोठ्या भूकंपाची अपेक्षा नव्हती, आणि तत्कालीन भूकंपप्रवण नकाशात हा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. पण नकाशातील उणीव हे कारणाचे केवळ एक टोक झाले. दुसरे टोक भिंतीत होते. दोन-अडीच फूट जाडीच्या त्या भिंतींना आतून आणि बाहेरून बऱ्यापैकी घडवलेल्या दगडांचा एकेक थर असे, मधल्या पोकळीत मातीच्या गाऱ्यात बसवलेले गोटे आणि कपच्या भरलेल्या असत, आणि दोन्ही थरांना आरपार जाऊन एकमेकांशी बांधून ठेवील असा लांब दगड बहुधा कोठेच घातलेला नसे. वर लाकडी तुळयांवर मातीचे माळवद. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे माळवद घर थंड राखी, पावसाळ्यापूर्वी गळती थांबावी म्हणून त्यावर नवी माती पडे, आणि जुनी निघत नसल्यामुळे छपराचे ओझे पिढीगणिक वाढत जाई. जमीन हादरताच भिंतीचे दोन थर परस्परांपासून फुटून बाहेर कोसळले आणि ते सगळे ओझे झोपलेल्या माणसांच्या अंगावर आले.

आरपार दगड बसवणे आणि दारे-खिडक्यांच्या वरून भिंतीभोवती सलग पट्टा फिरवणे एवढ्याने अशी भिंत पुष्कळ टिकाव धरते, ही माहिती त्या वेळी नवी नव्हती. रुरकी येथे जय कृष्ण यांच्या पुढाकाराने १९६० मध्येच भूकंप अभियांत्रिकीचे केंद्र सुरू झालेले होते, आणि १९६७ च्या डिसेंबरात कोयनेच्या भूकंपाने खुद्द महाराष्ट्राला इशारा दिलेला होता. मग ही विद्या उमरग्याच्या किंवा औशाच्या गवंड्यापर्यंत तीस वर्षांत का पोचली नाही? हा प्रश्न अभियांत्रिकीचा नाही, भूगर्भशास्त्राचाही नाही. तो ज्ञानाच्या प्रवासाचा, भाषेचा, गावातील कारागिराच्या प्रतिष्ठेचा आणि शासनाच्या प्राधान्यक्रमाचा प्रश्न आहे, आणि असा प्रश्न आपला म्हणून हाती घेणारे स्थान विद्यापीठाखेरीज दुसरे मला दिसत नाही.

किल्लारीनंतरचे पुनर्वसन हाही अभ्यासाचा तितकाच भरघोस विषय आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने सुमारे ५० गावे नव्या जागी हलवण्यात आली. नव्या घरांचे आकारमान जमीनधारणेवरून ठरले: भूमिहीन आणि अल्पभूधारक यांना २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला ४००, मोठ्या खातेदाराला ७५०. म्हणजे जमिनीची जुनी विषमता नव्या गावठाणाच्या पायातच चिरेबंद झाली. आखणी बहुतेक ठिकाणी शहरी वसाहतीची, सरळ रुंद रस्त्यांची. जुन्या गावातील आळ्या आणि गल्ल्या भाऊबंदांच्या नात्याने वसलेल्या होत्या, ते नाते नव्या आखणीत मोडले, आणि शेत घरापासून लांब पडले ते वेगळेच. याउलट जेथे घरे जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करावयाची होती, तेथे पैसा घरमालकाच्या हाती आला, अभियंता सल्लागार म्हणून राहिला, आणि ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावातील स्त्रिया संवाद सहायक म्हणून पुढे येऊन बांधकामावर देखरेख करू लागल्या. या दोन पद्धतींपैकी दुसरी अधिक यशस्वी ठरली असे माझे मत आहे, आणि पुढे कच्छमध्ये २००१ च्या भूकंपानंतर मालकाने स्वतः घर बांधण्याच्या धोरणाला जो भर मिळाला, त्याने या मताला पुष्टी मिळते.

भूकंप हा महाराष्ट्राचा क्वचित येणारा पाहुणा. दुष्काळ घरचाच आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशाही कोठारे उपाशी रयतेसाठी खुली केल्याची कथा संतपरंपरेने घरोघर पोचवली, आणि १६३० च्या सुमाराचा दुष्काळ देहूला तुकोबांच्या घरात शिरला होता हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. त्या काळच्या स्मृतींत मदत ही कोणा उदार पुरुषाची करणी असते. ती राज्याचे नेमून दिलेले कर्तव्य आहे, तिची मोजमापे ठरवता येतात, आणि ती मोजमापे अपुरी असतील तर शासनाला जाब विचारता येतो, ही कल्पना दख्खनमध्ये रुजली ती १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात. दुष्काळी कामांवरील मजुराचे रोजचे धान्य सर रिचर्ड टेम्पल यांनी सुमारे एका पौंडावर आणून ठेवले. मुंबई इलाख्यात १८७७ च्या आरंभी हे मान लागू होताच हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. पोटात अन्न नसताना केलेला हा संप आपल्या इतिहासात फारसा सांगितला जात नाही, पण तो सांगितला पाहिजे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याच वेळी गावोगावच्या प्रतिनिधींकडून भाव, पिके, मजुरी, स्थलांतर आणि मृत्यू यांची माहिती मागवून तपशीलवार वृत्तांत सरकारकडे धाडले, आणि गणेश वासुदेव जोशी व न्यायमूर्ती रानडे यांच्या पिढीने मदतीच्या प्रश्नाला आकड्यांचा आधार दिला. आपल्याकडील आपत्तिसंशोधनाचा आरंभ येथून धरावा असे मला वाटते. जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाज यांनी धनकवडी येथे दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी चालवलेले अन्नछत्र हाही त्याच इतिहासाचा भाग होय. मदत कोणापर्यंत पोचते आणि कोणाच्या दारावरून परत जाते, या प्रश्नाची जाणीव त्या कार्यात होती.

त्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८८० मध्ये आला आणि त्यातून दुष्काळसंहिता तयार झाल्या. त्यांची रचना आजच्या विद्यार्थ्याने मुळातून पाहावी अशी आहे. धान्याचे भाव चढले, लोक गाव सोडून भटकू लागले की प्रथम परीक्षा म्हणून थोडी कामे काढावयाची. त्यांवर गर्दी लोटली तर टंचाई खरी मानून मोठी कामे सुरू करावयाची. जे काम करू शकत नाहीत त्यांना फुकट शिधा द्यावयाचा. शेतसारा तहकूब किंवा माफ करावयाचा आणि विहिरी-बियाण्यांसाठी तगाई वाटावयाची. धान्याच्या खाजगी व्यापारात मात्र सरकारने हात घालावयाचा नाही, ही त्या संहितेची मोठी उणीव होती. तथापि आणेवारी, पंचनामा, तहकुबी, सूट या ज्या शब्दांनी आजही तहसील कचेरीत टंचाईची भाषा बोलली जाते, ती भाषा याच यंत्रणेने घडवली. पीक ५० पैशांच्या आत उतरले की गाव टंचाईग्रस्त, हा हिशेब करणारा तलाठी एका दीर्घ परंपरेचा वारस असतो. १८९७ च्या प्लेगाने तिची दुसरी बाजू दाखवली. त्या वर्षी झालेला साथरोगांचा कायदा आणि पुण्यातील घरझडत्या यांनी लोकांचा विश्वास गमावला, आणि रँडच्या वधापर्यंत गोष्टी गेल्या. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता निवर्तल्या. सक्ती आणि सेवा यांतील अंतर इतके जवळून क्वचितच पाहावयास मिळते.

या परंपरेचे सर्वांत उज्ज्वल पर्व १९७२ चे. खडी फोडणे, पाझर तलाव, बंडिंग, रस्ते अशा दुष्काळी कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख मजूर होते. सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढल्याच्या आठवणी सांगणारी माणसे आजही भेटतात. पिके सलग बुडालेली असतानाही १८७७ सारखे मृत्यूचे थैमान त्या वर्षी टळले, आणि ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी दुष्काळनिवारणाचे उदाहरण म्हणून या अनुभवाचा अभ्यास केला. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळाले, आणि २००५ मध्ये संसदेने तेच तत्त्व देशभरासाठी स्वीकारले. संकटकाळची एक तात्पुरती तजवीज नागरिकाचा कायमचा हक्क कशी बनू शकते, याचे याहून चांगले उदाहरण जगाच्या वाङ्मयातही फार नाही. आणि तरीही आपल्या विद्यापीठांत ते शिकवले जाते ते बहुधा अर्थशास्त्राच्या एखाद्या प्रश्नपत्रिकेपुरते.

पाश्चात्त्य जगात या विषयाने वेगळी वाट धरली. १७५५ च्या नोव्हेंबरात लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा ईश्वराच्या न्यायाबद्दल व्होल्तेअरने उपस्थित केलेल्या प्रश्नाला रूसोने पुढील वर्षी जे उत्तर दिले, त्यात उंच घरांची दाट वस्ती निसर्गाने नव्हे तर माणसांनी उभारली होती याकडे त्याने लक्ष वेधले. हा विचार विद्यापीठात शिरावयास दीडशेहून अधिक वर्षे लागली. कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात ६ डिसेंबर १९१७ रोजी दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट होऊन शहराचा मोठा भाग नष्ट झाला, आणि त्या शहरात मदतकार्य करणाऱ्या सॅम्युएल हेन्री प्रिन्स या धर्मोपदेशकाने त्यावर कोलंबिया विद्यापीठात लिहिलेला प्रबंध १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. आपत्तीच्या समाजशास्त्राचा तो आद्य ग्रंथ मानला जातो. पुढे जे संप्रदाय झाले त्यांतील पहिला भूगोलाचा. शिकागोच्या गिल्बर्ट व्हाइट या भूगोलवेत्त्याने १९४० च्या दशकात पुराच्या हानीचे मूळ पाण्यापेक्षा पूरक्षेत्रात वस्ती करण्याच्या निर्णयांत शोधले आणि बांध घातले की लोक निर्धास्त होऊन नदीच्या अधिकच जवळ सरकतात हे दाखवले. कोल्हापूर-सांगलीकडील नदीकाठ पाहणाऱ्याला हे निरीक्षण परके वाटणार नाही.

अमेरिकेत १९६३ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठात स्थापन झालेले आणि पुढे डेलावेअरला गेलेले आपत्ती संशोधन केंद्र हे दुसऱ्या संप्रदायाचे माहेरघर. क्वारांटेली आणि डाइन्स यांनी तेथे दीर्घकाळ जे संशोधन केले, त्याने एक रूढ समजूत मोडून काढली: संकट कोसळताच माणसे सैरावैरा धावतात, लुटालूट करतात, असहाय होऊन बसतात, असे जे गृहीत धरले जाते ते बहुतेक प्रसंगी खोटे ठरते; ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना शेजाऱ्यांनीच काढलेले असते, आणि गोंधळ असतो तो पुष्कळदा बाहेरून आलेल्या यंत्रणांच्या परस्परसंबंधांत. तिसरा संप्रदाय अधिक कडवा. १९७६ मध्ये ओकीफ, वेस्टगेट आणि विस्नर यांनी ‘नेचर’ नियतकालिकात लिहिलेल्या लेखाने नैसर्गिक आपत्ती या कल्पनेलाच आव्हान दिले, आणि पुढे १९९४ मध्ये विस्नर यांनी ब्लेकी, कॅनन व डेव्हिस यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात दारिद्र्य, जमिनीची मालकी, सत्ता आणि वंचितता यांच्या दाबाखाली माणूस धोक्याच्या तोंडाशी कसा ढकलला जातो याचे चित्र रेखाटले. अमर्त्य सेन यांचा १९८१ चा दारिद्र्य आणि दुष्काळ यांवरील ग्रंथ याच प्रवाहाला येऊन मिळतो: १९४३ च्या बंगालमध्ये धान्य अजिबात नव्हते असे नाही, ते विकत घेण्याची ऐपत मजुरांपाशी नव्हती.

या तिघांहून निराळा प्रवाह मानवतावादी मदतीचा. १८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या रणांगणावर हेन्री ड्युनान्टने जखमींची जी दैना पाहिली, तिच्यातून १८६३ मध्ये रेड क्रॉसचा जन्म झाला. बियाफ्राच्या युद्धानंतर मदत करणाऱ्याने अन्याय पाहून मौन पाळावे काय हा वाद उठला आणि १९७१ मध्ये सीमारहित डॉक्टरांची संघटना फ्रान्समध्ये उभी राहिली. रवांडाच्या १९९४ च्या नरसंहारानंतर निर्वासित छावण्यांत मदतीच्या नावाखाली जे घडले, त्याच्या परखड परीक्षणातून ‘स्फिअर’ या नावाची किमान मानके तयार झाली. दरमाणशी रोज १५ लिटर पाणी, डोक्यावर ३.५ चौरस मीटर आच्छादन, २० माणसांमागे एक शौचकूप. हे आकडे कोरडे वाटतील. पण टेम्पलसाहेबांच्या एक पौंड धान्याशेजारी ते ठेवून वाचले म्हणजे दीड शतकात विचाराने किती मजल मारली ते ध्यानी येते. या सर्व प्रवाहांचा अभियांत्रिकी आणि हवामानशास्त्र यांच्याशी पूर्ण समेट अजून झालेला नाही. विद्यार्थ्याने तो झाला आहे असे मानू नये. या विषयातील जिवंतपणा त्या वादांतच आहे.

भारतात विषयाची विद्यापीठीय प्रतिष्ठा वाढली ती तीन धक्क्यांनी: ऑक्टोबर १९९९ चे ओडिशाचे महाचक्रीवादळ, जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप, डिसेंबर २००४ ची त्सुनामी. ओडिशात १९९९ मध्ये सुमारे १०,००० माणसे दगावली. त्याच किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ आले तेव्हा सुमारे १० लाख लोक आधीच हलवले गेले होते आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. वादळ-निवारे, गावपातळीचे स्वयंसेवक, वेळेवर आणि समजेल अशा भाषेत पोचलेली सूचना, यांमुळे हे घडले. डिसेंबर २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राष्ट्र, राज्य आणि जिल्हा अशी प्राधिकरणे निर्माण केली, जिल्हाधिकाऱ्यांना जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष केले, आणि मदतीची किमान मानके ठरवणे हे शासनाचे कर्तव्य म्हणून नोंदवले. फाळणीनंतर कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत विद्यार्थी पाठवणाऱ्या मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्सुनामीनंतर आपत्ती व्यवस्थापनाचे स्वतंत्र केंद्र आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. इतरत्रही पदविका आणि पदव्या निघाल्या. त्यांतील बहुतेकांची भाषा इंग्रजी आहे, आणि बहुतेकांचा साचा नियोजन, प्रतिसाद, पुनर्वसन अशा टप्प्यांच्या वर्तुळाचा. हे वर्तुळ प्रशासनाला सोयीचे आहे, परंतु त्यात जमिनीचा सातबारा कोठे बसतो हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही.

आजच या ग्रंथाची निकड का, याचे उत्तर गेल्या वीस वर्षांच्या महाराष्ट्रात आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच शहराच्या कुलाबा टोकाला जेमतेम ७३. शहराच्या पर्जन्यवाहिन्या अपुऱ्या आहेत हे सांगणारा अहवाल त्यापूर्वी १२ वर्षे, १९९३ पासून, दप्तरी होता. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण डोंगराखाली गेले, आणि ते गाव जागेवर नाही ही गोष्ट प्रथम बाहेर कळवली ती एस.टी.च्या बसचालकाने. २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेच्या पुरात ब्रह्मनाळ येथे माणसांना सुरक्षित स्थळी नेणारी बोटच उलटली. नद्यांच्या काठी निळी आणि लाल अशा पूररेषा कागदावर आखलेल्या आहेत, एक २५ वर्षांतून आणि दुसरी १०० वर्षांतून येणाऱ्या पुराची. त्या रेषांच्या आत काय उभे आहे हे पाहावयास विद्यार्थ्याला फार लांब जावे लागणार नाही. २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा १८९७ चा कायदा आणि २००५ चा कायदा हे दोन्ही एकाच वेळी लागू झाले, आणि शहरांतून पायी निघालेल्या मजुरांनी आपल्या नियोजनात कोण गृहीतच धरलेला नव्हता ते दाखवून दिले.

एक उदाहरण मात्र थोडे जवळून पाहू. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड येथील नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. नुकसानभरपाईचा नियम हेक्टरी होता. कोकणातील वाडी काही गुंठ्यांची. त्यात नारळ, पोफळी, आंबा, फणस, मिरीचे वेल एकमेकांच्या आधाराने वाढलेले. सातबाऱ्यावर कित्येक सहहिस्सेदारांची नावे, त्यांतील निम्मे मुंबईला किंवा परमुलखात. देशावरच्या कापसाच्या किंवा उसाच्या शेतासाठी आखलेले पंचनाम्याचे कोष्टक हाती घेऊन तलाठी त्या वाडीत उभा राहिला, तेव्हा पडलेली पोफळ पुन्हा फळाला यावयास किती वर्षे लागतील हे लिहिण्यासाठी त्यात रकानाच नव्हता. झाडामागे भरपाई द्यावी ही मागणी तेथूनच उठली आणि शासनाला तिची दखल घ्यावी लागली. वादळाची गती उपग्रहाने अचूक सांगितली होती, लोक वेळेवर हलवले गेले होते. हानीचा हिशेब चुकला तो कागदाच्या रचनेत. असा कागद कसा असावा, हे सांगू शकेल तो विद्यार्थी ज्याला फलोद्यान, वारसाहक्क, महसुली पद्धत आणि कोकणी माणसाचे स्थलांतर या चारही गोष्टी ठाऊक आहेत. तसा विद्यार्थी घडवणे हे या विषयाच्या अभ्यासक्रमाचे प्रयोजन मी समजतो.

ग्रंथ मराठीत असावा हा आमचा आग्रह त्याच कारणाने आहे. संकटसमयी प्रथम धावणारे तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, कोतवाल, आशा कार्यकर्त्या आणि गावातील पोहणारे तरुण यांचा सारा व्यवहार मराठीत चालतो. पंचनामे मराठीत लिहिले जातात. ज्यांची घरे जातात ती माणसे आपले दुःख मराठीत, अहिराणीत, मालवणीत, गोंडीत सांगतात. त्या सगळ्याचे विवेचन मात्र इंग्रजीत व्हावे आणि गावाकडे परत येताना त्याचे परिपत्रक व्हावे, ही स्थिती विद्येच्या दृष्टीनेही हानिकारक आहे, कारण तीत चुका दुरुस्त करण्याचा मार्गच बंद होतो. खेड्यातील महाविद्यालयातून या विषयाकडे येणाऱ्या विद्यार्थ्याने पाहिलेला पूर हा त्याच्या अभ्यासाचा पहिला ग्रंथ ठरावा, त्याला त्याची लाज वाटू नये, अशी मांडणी करण्याचा येथे प्रयत्न आहे.

संपादनात दोन पथ्ये पाळली आहेत. पहिले असे की प्रत्येक सिद्धान्त या भूमीतील एखाद्या घटनेला लावून पाहावयाचा, आणि तो लागू पडत नसेल तर तसे स्पष्ट म्हणावयाचे. क्वारांटेलीचे शेजाऱ्यांविषयीचे निष्कर्ष अमेरिकेतील गावांवरून निघालेले आहेत, आणि जेथे वस्ती जातीनुसार विभागलेली आहे तेथे शेजारी म्हणजे कोण, हा प्रश्न आपल्या लेखकांनी टाळलेला नाही. दुसरे पथ्य क्षेत्रकार्याचे. ज्या घरात प्रेत अजून हाती लागलेले नाही त्या घराच्या दारात प्रश्नावली घेऊन उभे राहण्याचा अधिकार कोणत्याही पदवीने मिळत नाही. प्रथम काम करावे, पाणी भरावे, याद्या लिहून द्याव्यात, आणि विचारावयाचे ते पुढे, लोक स्वतः बोलू लागल्यावर; आणि जे लिहिले ते त्या गावाला वाचून दाखवल्याखेरीज छापू नये. या शिस्तीला आम्ही संशोधनपद्धतीइतकेच महत्त्व दिले आहे.

ग्रंथात उणिवा आहेत. भोपाळच्या १९८४ च्या वायुदुर्घटनेचे कायदेशीर आणि वैद्यकीय पैलू येथे संक्षेपाने आले आहेत, आणि रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यांचा, म्हणजे तारापूर, महाड, लोटे-परशुराम यांचा, स्वतंत्र विचार पुढील आवृत्तीसाठी राखून ठेवावा लागला. विदर्भातील उष्म्याच्या लाटांवर जेवढे लिहावयास हवे होते तेवढे लिहिले गेलेले नाही. आदिवासी भागातील डोंगरउतारांच्या वस्त्यांवरील लेख माळीण आणि इर्शाळवाडीपुरते मर्यादित आहेत. नंदुरबार आणि गडचिरोली येथील सामग्री मिळवण्याचे काम चालू आहे. आपापल्या तालुक्याच्या तहसील कचेरीत पडलेली १९७२ ची दुष्काळी कामांची हजेरीपत्रके, जुने पंचनामे, पुराच्या खुणा दाखवणारे घाटांवरचे दगड, यांची नोंद करून जे प्राध्यापक आणि विद्यार्थी ती संपादकांकडे पाठवतील, त्यांच्या साहित्याला त्या आवृत्तीत त्यांच्या नावानिशी स्थान देण्यात येईल.